उडी नको, दोर टाक

आमच्या शेळगावला समुद्र नाही की दरड कोसळावी असा डोंगर नाही. पुराच्या आणि दरडीच्या बातम्या आम्ही टीव्हीवर बघतो, हळहळतो आणि ताटं घेतो. "आपल्याकडं कसली आलीय आपत्ती?" हे वाक्य इंदापूर-बारामतीच्या टापूत कुठंही कानावर पडेल. पण जरा आठवायला बसा. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडजला जनावरांच्या मलमूत्राच्या टाकीत चौघं गुदमरून गेले. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला म्हसोबाचीवाडीत विहिरीचं काम चालू असताना कडा ढासळला आणि बेलवाडीचे चार मजूर मातीखाली गेले. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी बोट उजनीच्या पाण्यात वाऱ्यानं उलटली, सहा जण गेले. मे २०२५ मध्ये अवकाळी इतका कोसळला की पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवाच फुटला, आणि बारामती-इंदापूरसाठी एनडीआरएफची पथकं बोलवावी लागली. यातलं एकही ठिकाण आमच्यापासून मोटारसायकलवर दीड तासापेक्षा लांब नाही.

खांडजची बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. एकाला काढायला दुसरा गेला, त्याला काढायला तिसरा. आपल्या माणसांत धाडसाची टंचाई नाही. पाण्यात कुणी पडलं की धड पोहता न येणाराही उडी टाकतो. कमी पडते ती क्षणभर थांबायची सवय, आणि ती ऐकून लागत नाही, करून लागते. आमच्या वस्तीवर आत्या आणि मामा म्हणजे माझे सासू-सासरे, भाऊजी आणि जाऊबाई, आम्ही दोघं आणि चार पोरं असा बारदाना आहे. धारा काढून झाल्या, दूध डेअरीला गेलं की अर्धा-पाऊण तास मोकळा मिळतो. त्या वेळात खेळत खेळत जे हाती लागलं ते लिहिते.

१. भाषण दिलं तर घर ऐकत नाही, डाव मांडला तर मामासुद्धा बाजेवरून उठून येतात.

आपत्ती व्यवस्थापनाचं व्याख्यान गावात झालं की पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे, मागं मोबाइल बघणारी पोरं, आणि बायका घरी चुलीपाशी. ज्यांच्यावर प्रसंग येणार त्या तिथं नसतातच. जपानच्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. त्याला दहा वर्षं झाल्यावर, २००५ मध्ये, तिथं 'इझा! काएरू कॅराव्हान' नावाचा उपक्रम सुरू झाला. पोरांनी घरची जुनी खेळणी आणून तिथं बदलून घ्यायची, आणि तेवढ्यात बेडकाच्या चित्रावर पाण्याचा मारा करायचा, घोंगडीची डोली करून माणूस उचलायचा, बादल्यांची रांग लावायची. हे वाचलं तेव्हा वाटलं, यासाठी जपानला कशाला जायला हवं? बादली आहे, घोंगडी आहे आणि पोरं तर नको तितकी आहेत.

बादल्यांचा डाव आमच्याकडं सगळ्यात आधी रुजला. हौदापासून गोठ्यापर्यंत रांग करायची, एका बाजूनं भरलेली बादली पुढं, दुसऱ्या बाजूनं रिकामी मागं. पहिल्यांदा सगळे धावतात, अर्धं पाणी अंगणात सांडतं. मग कळतं की जागेवर उभं राहून हातोहात दिलं तर पाणी जास्त पोचतं आणि दमही लागत नाही. उसाच्या फडाला शॉर्टसर्किटनं आग लागली की आमच्याकडं माणसं पळतात खूप, पाणी पोचतं थोडं. शिवाय पेटत्या फडात वाऱ्याच्या तोंडावर उभं राहायचं नाही, हेही डावाचा नियम म्हणूनच पोरांच्या डोक्यात बसलं. वाऱ्याच्या तोंडावर उभा राहील तो बाद.

२. लाईट गेली की चिडू नका, डाव मांडा.

लाईट जाण्याला आमच्याकडं निमित्त लागत नाही. गेली की एकाच्या डोळ्यांवर उपरणं बांधायचं. त्यानं अंथरुणावरून उठून गॅसपाशी जायचं, रेग्युलेटर बंद करायचा, मागचं दार उघडायचं आणि अंगणातल्या लिंबाला हात लावायचा. भाऊजी मोबाइलवर वेळ लावतात. पोरांना वाटलं होतं त्यांच्यातलंच कुणी जिंकेल. जिंकल्या आत्या. घर त्यांना डोळ्यांनी नाही, पायांनी पाठ आहे.

या डावानं घरातल्या दोन गोष्टी बदलल्या. मागच्या दाराला खताच्या पोत्यांची थप्पी लागलेली असायची, ती हलली. आणि त्याच दाराची कडी वर होती, धाकट्याचा हात पोचत नव्हता. ह्यांनी दुसऱ्या दिवशी खाली एक कडी बसवली. टॉर्चसाठी दाराशेजारी खिळा ठोकला. टॉर्च त्या खिळ्याला नसली तर ज्यानं शेवटी वापरली त्यानं दुसऱ्या दिवशी शेण काढायचं, असा दंड आहे. तेव्हापासून टॉर्च जागेवर असते.

याच डावात एक फिरवाफिरव: कुणी "वास!" म्हणून ओरडलं की अंधार असो की उजेड, कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

३. पाण्यात पडलेल्याला हात द्यायचा नाही, दोर द्यायचा.

हा आमचा मुख्य खेळ. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आमच्या भागात शेततळी झाली, त्यांवर डाळिंब आणि द्राक्षं उभी राहिली. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद दिसायला गुळगुळीत, आणि पाण्याखाली त्यावर शेवाळ धरलं की त्याच्यावर मांजरसुद्धा टिकायचं नाही. विहिरीला निदान पायऱ्या असतात, मोटेच्या जमान्यातल्या दगडी विहिरींना कपारी असतात, धरायला काहीतरी हाताला लागतं. शेततळ्यात पट्टीचा पोहणारासुद्धा काठापर्यंत येतो आणि वर चढू शकत नाही. तिथंच दम संपतो. त्याला काढायला उतरलेल्याचं तेच होतं.

म्हणून आमच्या शेततळ्याच्या चारी बाजूंना दोर सोडलेत. काठावर लोखंडी खुंटी ठोकून घट्ट बांधलेले, दर हातभर अंतरावर गाठ, आणि टोकाला जुन्या टायरचा तुकडा. सुती कासरा वापरू नये, तो भिजला की जड होतो आणि बुडतो. बाजारात मिळणारी प्लास्टिकची पिवळी दोरी पाण्यावर तरंगते, ती घ्यावी. उन्हानं ती वर्षा-दीड वर्षात कडक होऊन तुटायला लागते, तेव्हा बदलावी.

खेळ असा: अंगणात बाज टाकायची आणि तिच्यावर धाकट्यानं बसून "बुडालो, बुडालो" करायचं. ही भूमिका त्याला फारच आवडते. बाकीच्यांनी आठ-दहा पावलांवरून दोर बांधलेला पाच लिटरचा गोड्या तेलाचा कॅन त्याच्यापलीकडं फेकायचा आणि दोर त्याच्या खांद्यावर पाडायचा. कॅन रिकामा असला तर वाऱ्यानं भलतीकडं जातो. पूर्ण भरला तर लांब जात नाही, आणि डोक्यात बसला तर बुडणाऱ्याची उरलीसुरली शुद्ध जाते. तळाला चार बोटं पाणी ठेवून झाकण घट्ट लावलं की तो नेमका जातो आणि तरंगतोही. औषधाचा, म्हणजे फवारणीचा कॅन कधीच घ्यायचा नाही. दोर फेकणाऱ्यानं फेकण्याआधी खाली बसायचं किंवा आडवं पडायचं. उभं राहून दोर ओढला की बुडणारा ओढणाऱ्यालाच आत घेतो. हे पोरांना पटेना, तेव्हा मी थोरलीला उभं केलं आणि बाजेवरून धाकट्यानं दोराला हिसका दिला. ती पुढं धडपडली. पुढं समजवावं लागलं नाही.

आणि दोर हातात घेण्याआधी बोंब ठोकायची. "दोर! दोर!" असं दोनदा, पोटातून. मामा म्हणतात, आमच्या लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायचे, पोहणं असं शिकलो. खरंय, आणि पोहायला शिकवायलाच हवं. पण उजनीत उलटलेल्या त्या बोटीतनं पोहून काठाला लागला तो एक पोलीस अधिकारी. बाकी सहा जणांत लहान लेकरं होती. लेकरांना पोहण्याआधी अंगाला काहीतरी तरंगणारं लागतं. बागेतल्या तलावात असो की कळाशीच्या काठावर, लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत पाय ठेवायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे आणि तो मोडायचा अधिकार मामांनाही नाही.

४. टाकीत कुणी पडला तर खाली उतरायचंच नाही.

हा नियम सगळ्यात अवघड, कारण तो मनाविरुद्ध आहे. आत आपलं माणूस पडलंय आणि आपण वर उभं राहायचं? शेणाच्या आणि मुताच्या टाकीत, सेप्टिकमध्ये, बंद पडलेल्या विहिरीत विषारी वायू साठतो. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, माणसाला वाटतं वायू गेला. दोन-चार श्वासांत शुद्ध जाते. जुनी माणसं दिवा सोडून बघायची, पण हा वायू दिव्याला कळत नाही, आणि गोबरगॅसमधला मिथेन दिव्यानं पेट घेतो.

पोरांसाठी हा 'पुतळा' झाला. खेळताना मध्येच मी "टाकी!" ओरडते. जो जिथं असेल त्यानं तिथं पुतळा व्हायचं, तीन आकडे मोजायचे, मग बोंब ठोकायची, मग १०१ आणि ११२. टाकीच्या दिशेनं पहिलं पाऊल टाकेल तो बाद. मोठ्यांनाही खेळवलं. पहिल्या डावात बाद झाले ते भाऊजी आणि ह्यांच्यासारखे गडी. पोरं जागेवर उभी होती.

५. नंबर फोनमध्ये असून भागत नाही, तोंडात असावे लागतात.

प्रसंगाच्या वेळी फोनचं लॉक उघडत नाही, बॅटरी संपलेली असते, किंवा फोन ज्याच्याकडं आहे तोच पडलेला असतो. इंडोनेशियाच्या सिमेलुए बेटावर १९०७ मध्ये त्सुनामी आली होती. तिची आठवण तिथल्या लोकांनी गाण्यांत आणि गोष्टींत जपली: भूकंप झाला, समुद्र मागं गेला की डोंगराकडं पळा. २००४ च्या त्सुनामीत त्या बेटावरची हजारो माणसं त्यामुळं वाचली. आपल्याकडं तर जात्यापासून शेतापर्यंत सगळं गाण्यात होतं. मी आत्यांना म्हटलं, नंबरांच्या ओव्या करा. त्यांनी करून दिल्या:

एकशे आठ गं गाडी, येईल माझ्या दारी
पत्ता सांग नीट, बाई, कॅनॉलाच्या तीरी

एकोणीसशे बारा, तार पडली रानात
जवळ नको जाऊ, लेका, ध्यान ठेव मनात

१०८ ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. १९१२ महावितरणचा. ११२ पोलीस आणि कुठल्याही संकटासाठी. १०७७ जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा. धाकटा हे सगळं अंघोळ करताना म्हणतो.

खरी अडचण नंबरात नाही, पत्त्यात आहे. वस्तीला घर क्रमांक नसतो. म्हणून आम्ही 'कॉल सेंटर' खेळतो. थोरली १०८ ची बाई होते. कुठल्या जिल्ह्यातून बोलताय? तालुका कोणता? काय झालंय? माणूस शुद्धीवर आहे का? ती मुद्दाम खवचट प्रश्न विचारते, आणि पलीकडच्यानं न चिडता सांगायचं. पहिल्या वेळी पुतण्या म्हणाला, "आमच्या घरी या." कुणाच्या घरी? "आमच्याच." घरभर हसू. आता तो सांगतो: फाट्यावरनं आत, कॅनॉलचा पूल ओलांडला की डीपी, डीपीच्या अलीकडं डावीकडं, निळी टाकी दिसते. शेवटचं वाक्य ठरलेलं आहे: "फाट्यावर माणूस टॉर्च घेऊन उभा आहे." ज्याला दुसरं काही येत नाही त्यानं फाट्यावर जाऊन उभं राहायचं. हे काम बिनमहत्त्वाचं वाटतं, पण रात्री गाडी चुकून पुढं गेली तर तिथं जाणारा वेळ कुणीही परत आणून देत नाही.

गावाला एकदम कळवायचं तर ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. १८०० २७० ३६०० वर गावातल्या नोंदलेल्या माणसानं फोन केला की त्याचा आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर जातो. पुणे जिल्ह्यात ग्रामीण पोलिसांनी ती गावोगाव पोचवली. आमचा डाव: वीस सेकंदांत संदेश बोलून दाखवायचा, त्यात कोण, काय, कुठं आणि काय पाहिजे हे चारही यायला हवं. मामांचे वीस सेकंद "रामराम मंडळी" मध्येच जातात.

६. बोचक्यात काय भरायचं ते बोचकं भरल्याशिवाय कळत नाही.

सगळे सांगतात, आपत्कालीन पिशवी तयार ठेवा. आम्ही म्हटलं, आधी खेळून बघू. पाच मिनिटं. कालवा फुटला, पाणी अंगणात आलंय, प्रत्येकानं एकच पिशवी घेऊन ओसरीवर यायचं. आत्यांनी देव्हाऱ्यातले टाक आणले. मामांनी चष्मा, तंबाखूची डबी आणि रेडिओ. ह्यांनी तीन चार्जर, त्यातला एक बंद पडलेला. जाऊबाईंनी दागिन्यांचा डबा आणि धाकटीची दुधाची बाटली. धाकटा कोंबडी घेऊन आला. मामांच्या बीपीच्या गोळ्या कुणीच आणल्या नव्हत्या. पिण्याचं पाणीसुद्धा नाही.

आता ज्याची त्याची वस्तू ठरलेली आहे. मी गोळ्या आणि त्यांची कागदावर लिहिलेली यादी, ह्यांनी पाण्याचे दोन कॅन, थोरलीनं कागदपत्रांची प्लास्टिकची फाइल, जाऊबाईंनी दागिने आणि रोकड, पुतण्यानं टॉर्च आणि शिट्टी. सातबारा, आधार, पासबुक यांचे फोटो दोन फोनवर आहेत. आत्यांच्या टाकांना आम्ही हात लावला नाही. जीव वाचला आणि देव मागं राहिले तर त्या माऊलीला तो वाचलेला जीव नको होईल. टाक पिशवीत सगळ्यात वर असतात. धाकट्याची कोंबडी मात्र यादीतून काढली, तिला उडता येतं.

जनावरांचं काय, हा प्रश्न आत्यांनी काढला आणि त्यातून सगळ्यात चांगला डाव निघाला: सुरगाठ की निरगाठ. निरगाठ ओढली की आवळते, सुरगाठ एका झटक्यात सुटते. पाण्यात किंवा आगीत दाव्याला जनावर ताणून धरतं आणि निरगाठ सुटतच नाही. प्रत्येकानं डोळे झाकून खुंटीला दावं सुरगाठीनं बांधायचं आणि एका हातानं सोडायचं. शाळकरी पोरांना शूजच्या लेसची गाठ येते, दाव्याची येत नाही. आता येते. गोठ्याच्या मेढीला एक जुना कोयताही टांगलाय, गाठ नाहीच सुटली तर कापायला.

वाहत्या पाण्याबद्दल मी खेळ केला नाही. १४ ऑक्टोबर २०२० च्या रात्री दौंड तालुक्यात खानोट्याजवळ ओढ्याच्या पुरात चार जण मोटारसायकलींसकट वाहून गेले. त्याच पावसात निमगाव केतकीत पाणी शिरलं आणि लोकांना बाहेर काढावं लागलं. पुलावरून पाणी चाललंय तर गाडी वळवायची, पाहुण्यांकडं मुक्काम करायचा, कामावर खाडे पडले तर पडू द्यायचे. यात डाव मांडण्यासारखं काही नाही, ही आमच्या घरातल्या गड्यांना मी घातलेली शपथ आहे.

७. साप चावलेल्याला चालवायचं नाही.

उसाच्या गावात साप हा पाहुणा नाही, शेजारी आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी, आणि हाफकिनमध्ये तयार होणारी लस या चौघांवर चालते. घोणसासाठी वेगळी, नागासाठी वेगळी असं नसतं, त्यामुळं साप मारून दवाखान्यात न्यायचा खटाटोप करू नये. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर आणि नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांनी सर्पदंशावर ग्रामीण भागात आयुष्य घातलं. या सगळ्या कामाचं सार एकच: वेळ घालवू नका.

डाव असा. पुतण्याला 'चावला'. पहिल्यांदा त्याचं कडं आणि दोरा काढायचा, बाईमाणूस असेल तर बांगड्या आणि जोडवी, कारण सूज आल्यावर निघत नाहीत. कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं करकचून आवळायचं नाही. पाय हलू नये म्हणून लांब काहीतरी लावून ओढणीनं सैलसर बांधायचा. आम्ही उसाचं टिपरू लावलं. ते छान बसलं, पण डाव संपायच्या आत रुग्णानंच सोलून खाल्लं. मग दोन बांबू आणि घोंगडी, त्याची डोली, आणि अंगणाला एक फेरी. दहा वर्षांचं पोर चौघांनी उचललं तरी घाम फुटतो, तेव्हा मामांना उचलायचं तर बाजच उचलावी लागेल हेही त्या दिवशी कळलं.

मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि अनेकदा दुखतही नाही. पहाटे पोट दुखलं, पापण्या जड झाल्या तर झोप झाली नाही म्हणून सोडून देऊ नका. मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. आणि एक काम उद्याच करा: जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का हे विचारून ठेवा. नाहीतर इंदापूरला न्यायचं की बारामतीला, याचा वाद चावल्यावर ओसरीत होतो.

८. विजेला आकडे मोजा.

लखलखलं की पोरं मोठ्यानं मोजतात. तीन आकड्यांना एक किलोमीटर, कारण आवाजाला एवढं अंतर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडलं की रान सोडायचं. झाडाखाली नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली नाही, पक्क्या घरात. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप आजूबाजूची वीज दाखवतं, ते गुराख्याच्या फोनवरही असावं. मोजणाऱ्यात धाकटा पक्का आहे, फक्त भीतीनं भरभर मोजतो.

९. खोटी बोंब ठोकायची नाही.

आमच्या शेजारच्या कडबनवाडीच्या माळावर खरोखरचे लांडगे आहेत, त्यामुळं 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आमच्याकडं नुसती गोष्ट नाही. नियम असा की प्रत्येक डावाच्या आधी "खेळ!" असा शब्द उच्चारायचा. तो न उच्चारता कुणी "दोर" म्हणालं तर ते खरंच असतं. अचानक दचकवून सराव घेणं मला पटत नाही. २०२३ मध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर चाचणीचा कर्कश संदेश आला तेव्हा निम्म्या गावाला फोन हॅक झाला असं वाटलं. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात म्हणून आमच्या भागानं रात्री जागून काढल्या. कोण म्हणे चोर, कोण म्हणे आणखी काही. घाबरलेली माणसं काठ्या घेऊन अनोळखी माणसाच्या मागं लागतात, आणि ती आपत्ती वायूच्या टाकीपेक्षा कमी नसते. म्हणून आमच्या डावात एक पोर 'अफवा' होतं. ते येऊन काहीतरी सांगतं, आणि बाकीच्यांनी विचारायचं: तू पाहिलंस का? कुणी सांगितलं? त्याला फोन लाव.

१०. सरावाला तारीख लागते, नाहीतर तो होत नाही.

पहिली तारीख वारीची. तुकोबांची पालखी आमच्याच रस्त्यानं जाते. बेलवाडीच्या गोल रिंगणाला सगळं गाव लोटतं. गर्दीत शिरण्याआधी आम्ही हरवल्यावर भेटायची जागा ठरवतो आणि पोरांच्या हाताच्या पंजावर पेननं फोन नंबर लिहितो. हरवलास तर जिथं आहेस तिथंच उभं राहा, आणि शोधायला आई येईल, तू निघू नको. दिंडीत चालणाऱ्या पाहुण्यांचा दिंडी क्रमांकही पोरांना पाठ असतो.

दुसरी तारीख खंडेनवमीची. त्या दिवशी कोयते, विळे, पाने, ट्रॅक्टरची पूजा होतेच. आत्यांनीच सुचवलं की त्याच पाटावर टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचाराचा डबा आणि शेततळ्याचा दोरही मांडावा. पूजेआधी सगळं पुसायचं, सेल बदलायचे, गोळ्यांच्या तारखा बघायच्या, दोराला हिसका देऊन बघायचा. ज्याला हळदकुंकू लावायचं ते गंजलेलं चालत नाही, हे मोठ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

तुमच्या वस्तीवर शेततळं असेल तर बाकीचे डाव सवडीनं खेळा. आज संध्याकाळी त्याच्या चारी काठांना गाठी मारलेला दोर सोडा, आणि पाण्याच्या कडेला तळाला चार बोटं पाणी घातलेला एक कॅन दोर बांधून ठेवून द्या.